चिनी दवण्याचा काढा

सदानंद देवस्थळींना अर्धवट ज्ञानाची मनस्वी चीड होती, आणि त्या सकाळी आखाती शहराच्या नजमा वस्तीतल्या, कामगारांच्या चार खाटांच्या खोलीत त्या चिडीला तोंड फुटले. त्यांच्या कंपनीची गाडी चालवणारा रंगनाथ तीन दिवस कामावर नव्हता. रजा संपवून गडचिरोलीहून परतून त्याला जेमतेम पंधरवडा झाला होता. आता तो दोन पांघरुणांखाली कुडकुडत होता. डोळे पिवळे, उशाशी वाळक्या पाल्याची चिनी पुडी.

"हा हिवताप आहे. आणि तू पाला उकळून पितोस? दवाखाना कुठे पळाला होता?"

"काढ्यानं बरं वाटून रायलं जी."

"आरशात बघ, कितपत बरं ते. कुठल्या गाढवानं सांगितलं?"

"तुमीच, साहेब. श्यामराव साहेबांशी गाडीत भांडून रायले होते, तवा."

सदानंदांना तो वाद शब्दशः आठवला. कचेरीतल्या श्यामरावांनी चिनी औषधींना थोतांड म्हटले, आणि गाडी बिन महमूद भागात पोचेपर्यंत सदानंदांनी त्यांना सोलून काढले: हिवतापावरचे आजचे रामबाण औषध दवण्याच्याच कुळातल्या एका चिनी झुडपातून निघाले आहे. मात्र ते द्रव्य पाण्यात नावापुरतेच उतरते, ते वेगळे काढून, मापून, दुसऱ्या औषधाच्या जोडीने द्यावे लागते, एवढे त्यांनी गिळले होते. श्यामरावांच्या हाती कोलीत कोण देणार?

"मी झुडपाविषयी बोललो होतो, काढ्याविषयी नाही," ते कडाडले. हा बचाव त्यांचा त्यांनाच इतका वकिली वाटला, की संताप दुणावला. "ऊठ. यल्ला, चल, चप्पल घाल."

रुग्णालयात रक्त तपासले गेले. हिवतापच होता, तोही घातक जातीचा. त्याच झुडपाचे औषध, शुद्ध आणि मोजून, शिरेतून सुरू झाले.

"कल पर टालते, तो मुश्किल था," डॉक्टर अनीसा म्हणाल्या. "ये पत्ते किसके कहने पर लिये?"

"दुकानवाले ने बोला, मॅडम," रंगनाथ पुटपुटला.

"झूठ बोल रहा है," सदानंद उसळले. "मैंने कहा था. मेरा नाम लिखिए."

अनीसांनी मान वर केली नाही. "नाम का क्या करूँ? कितना पिया, वो बताइए."

ते सदानंदांना ठाऊक नव्हते. ते रंगनाथच्या खाटेवर वाकले.

"किती प्यालास? पहिल्या दिवसापासून सांग. आणि माझी भीड धरून एक पेला जरी कमी सांगितलास, तर गाठ माझ्याशी आहे."