बेचाळीस सेकंदांचा अवतार

आमच्या शेजारच्या जयवंतीकाकूंनी मला आधीच सांगितलं होतं. बोईसरला एका कॉम्प्युटरच्या दुकानाशेजारीच त्या सुके बोंबील विकायला बसतात. "तुजा भाऊस रोज तिथं असतो गो. टाळ्या लय वाजतात, पन यंत्राला कोनाला हात लावू देत नाय." मी हसून म्हटलं, "काकू, ते काय बोंबील आहेत, दाबून बघायला?"

शनिवारी मीच त्या गर्दीत उभी होते. कडेवर माझी लेक पूर्वी, सर्दीने घुरघुरणारी. काचेच्या पेटीत निळे पंखे फिरत होते आणि चाळीसेक पोरांनी मोबाईल उंच धरले होते.

"भावांनो," दुकानाचे मालक हर्षितसर हात जोडून म्हणाले, "ही चिप नाही, अवतार आहे! बाजारात यायला अजून सहा महिने. हिच्या बेंचमार्कचा लीक झालेला निकाल जगात फक्त इथे! त्यात माझं ओव्हरक्लॉकिंग. कंपनीने ठरवलेला वेग? विसरा!"

"सर, जरा चालवून बघू?" एका पोराने विचारलं.

"ऊर्जा बिघडते रे. आधी विश्वास, मग स्पर्श!"

बेंचमार्क म्हणजे प्रोसेसरची परीक्षा. ठरलेलं गणित तो किती सेकंदांत सोडवतो, एवढंच. माझा भाऊ दिपेश सर्वांत पुढे होता. तारापूरच्या कारखान्यात दोन महिन्यांत कायम होणार होता, आणि ते सोडून या सरांचा चेला व्हायला निघाला होता. त्याला अडवायला मी आले होते.

परीक्षा सुरू झाली. पूर्वीला धाप लागली की पूर्ण मिनिटभर श्वास मोजा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तिची धाप वाढली होती, म्हणून परीक्षा सुरू होताच मी मनगटावरच्या घड्याळात बघून मोजले. जास्त वाटले म्हणून पुन्हा मोजायला घेतले. दुसरं मिनिट संपत आलं, तेव्हा पडद्यावर आकडा उमटला: बेचाळीस सेकंद. शिट्ट्या वाजल्या.

"सर, पुन्हा चालवा. माझ्या घड्याळावर."

"ताई, बाळाला घरी न्या. इथली गरम हवा बाधेल." हशा पिकला.

दिपेश चिडला. "ताई, तुला नाय कळत यातलं. थांब, मीच दाखवतो." सर "अरे, नको" म्हणेपर्यंत तो यंत्रासमोर बसलासुद्धा.

त्याने परीक्षा पुन्हा लावली. माझ्या घड्याळात एकशे दहा सेकंद झाले. पडद्यावर पुन्हा बेचाळीस. दिपेशने चालू प्रोग्रामांची यादी उघडली. खाली एक छोटासा प्रोग्राम होता. तो मशीनचं घड्याळच हळू चालवत होता. दिपेशने तो बंद केला, गणित पुन्हा लावलं. आता पडद्यावरही एकशे आठ. म्हणजे बाजारातला साधाच प्रोसेसर.

"व्होल्टेज बघून येतो," म्हणत हर्षितसर मागच्या दाराने गेले. गर्दीला हसायला कुणीतरी हवंच होतं.

"काय दिपेश, तुज्या देवाचं घड्याळ लय मागं हाय!"

तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, राजीनामा सकाळीच दिला मी."

खोटं उघडं पडलं याचा आनंद मला होत नाही. चारचौघांत, त्याच्याच हातून मी ते उघडं पाडलं. तेव्हापासून तो बोईसरच्या त्याच्या भाड्याच्या खोलीत स्वतःला कोंडून बसलाय. मी दाराबाहेरून हाका मारते, तो कडी काढत नाही.

असा लीक झालेला आकडा समोर आला, तर एकच विचारा: वेळ कोणत्या घड्याळावर मोजली, आणि बाहेरच्या कुणी ती तपासली का? उत्तर टाळलं, तर तो आकडा मानू नका.

आणि तुमच्या ओळखीतलं कुणी असं फसलं असेल, लोक हसून मोकळे झाले असतील, तर आज त्याच्याकडे जा. फोन उचलत नसेल, तर दार वाजवा. जेवलाय का, तेवढं तरी बघा.