अंगठ्याचा उजेड

"आजबी जंतूंचा आकडा चढला, तर तुमचं दूध कायमचं बंद, बाई," मी म्हणालो.

देवकाबाई पिपरीची. बारा घरचं दूध गोळा करून दहाच्या एसटीने आमच्या डेअरीत आणायची. दोन दिवस तिचं दूध परत गेलं होतं आणि फाटकावरच्या फळ्यावर 'खराब दूध' याखाली तिचं एकटीचं नाव होतं.

"माह्या दुधाले काय झालं, प्रेमदासभाऊ? उकळत्या पाण्यानं कॅन धुतो मी."

"यंत्र खोटं बोलत नाई."

वीस वर्षं या लॅबमध्ये काढलेला माणूस मी. नुसता वास घेऊन दूध कधी नासेल ते सांगायचो. चौऱ्याऐंशी साली हे यंत्र आलं, त्यावरही आठ दिवसांत हात बसवला. काजव्याच्या शेपटीतला अर्क दुधात टाकायचा. जिवंत जंतूंमधल्या इंधनाने तो उजळतो. जितके जंतू, तितका उजेड. डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतो आणि आकडा पडतो. सकाळचे नमुने सदाशिवराव साहेब स्वतः तयार करायचे. दहाला ते चहाला जात, म्हणून एकट्या देवकाबाईचा नमुना परवापासून माझ्याकडे होता.

मी नळीत दूध घेतलं, तोंडावर अंगठा दाबला आणि नळी दोनदा उलटी केली. निळ्या रंगाची जुनी चाचणी आम्ही अशीच करायचो.

देवकाबाई खिडकीतून पाहत होती. "आमाले म्हणता दुधाले हात नोका लावू, अन् तुमी अंगठा देऊन राह्यले."

मला रागच आला. हिने मला शिकवावं? पण हात थांबला. साहेब नळीला नेहमी उकळलेलं बूच लावायचे. माणसाच्या घामातही तेच इंधन असतं, असं त्यांनी यंत्र आलं त्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते साहेबी नखरे वाटले होते.

दोन नळ्यांत उकळून गार केलेलं पाणी घेतलं. एकीला बूच, दुसरीला अंगठा. बुचाचा आकडा जवळजवळ शून्य, अंगठ्याचा तीनशेवर. मग बूच लावून तिचं दूध तपासलं. सकाळच्या सगळ्या दुधांपेक्षा स्वच्छ.

फार शरम वाटली. 'आज चांगलं निघालं' एवढंच म्हटलं असतं, तर कोणाला काही कळलं नसतं. साहेब आल्यावर नळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "दूध तिन्ही दिवस चांगलंच असन, साहेब. खराबी माह्या अंगठ्याची."

मग खडू घेऊन फाटकावर गेलो. दूधवाले सायकली धरून उभे होते. फळ्यावरचं नाव पुसलं आणि तिथेच लिहिलं: 'दूध चांगले. चूक माझी. प्रेमदास.'

"एवढं काऊन करता, भाऊ? पुसून टाका," देवकाबाई म्हणाली.

"दोन दिवस तुमचं नाव होतं ना, बाई? माहंबी दोन दिवस राहू द्या."

लॅबला मागचं दार जवळ पडतं. ते दोन दिवस मी पुढच्या फाटकाने कामावर आलो.