कानाचं यंत्र

काटेवाडीत हातातली बॅटरी पहिल्यांदा आली ती कुंडलिकरावांच्या घरी. गजराचं घड्याळ, पंप मारून पेटवायचा स्टो, उसाचा लोखंडी चरक, सगळं आधी त्यांच्याच वस्तीवर आलं. कालव्याचं पाणी होतं, मोसंबीची बाग बरी पिकत होती आणि माणसाला नव्या वस्तूचा नाद होता. वस्तू आणली की ते ती खोलून बघत, परत जुळवत, आणि तिच्यात काय कमी आहे ते मनाशी धरून ठेवत. दोन-तीन वर्षांनी तीच वस्तू सुधारून बाजारात आली की त्यांचा चेहरा उजळे.

“आदीच्या बॅटरीचं बटन दाबूनच धराय लागायचं,” ते भेटेल त्याला सांगत. “आता नुसतं सरकवलं की ऱ्हातंय. कुनाचा तरी आंगठा दुखला आसंल, आन् कुनीतरी बसून त्येचा इचार केला.”

कुठल्या तरी लांबच्या मुलखात कोणी माणूस आपल्या अंगठ्याचा विचार करत बसला असेल, ही गोष्ट त्यांना फार मोठी वाटे.

सन तीस साली ते मुदतीच्या तापानं एकवीस दिवस पडून होते. ताप उतरला, माणूस उठला, पण कान गेले. डावा पुरताच गेला. उजव्यात विहिरीच्या तळातून यावा तसा काहीतरी आवाज उरला. सुरुवातीला लोक त्यांच्याशी ओरडून बोलले, मग थोडक्यात बोलू लागले, मग नुसत्या खुणांवर आले. पारावर गेलं की बसायला जागा करून देत, पान पुढे करीत, आणि गप्पा त्यांच्या डोक्यावरून चालू राहत. सगळे हसले की कुंडलिकरावही हसत, पण जरा उशिरा. तो उशीर त्यांचा त्यांनाच कळू लागला, तेव्हा त्यांनी पारावर जाणं सोडलं.

घरात दोघंच, ते आणि सरुबाई. एकुलती एक मुलगी, रतन. तिला इंदापूरला दिली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि त्यातच गेली. मूलही राहिलं नाही. कान जायच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. सरुबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून घरात पाटी-पेन्सिलीचा काही उपयोग नव्हता. जेवायला चला, पाटाला पाणी आलं, पाहुणे आलेत, अशा दहा-वीस खुणांवर संसार चालला.

पाटीवर बोलणारा माणूस एकच होता. बारामतीत स्टेशनच्या वाटेवर रमाकांत नावाच्या गृहस्थाचं घड्याळांचं आणि ग्रामोफोनचं दुकान होतं. मुंबईच्या कंपन्यांची चित्रांची पुस्तकं त्याच्याकडे टपालानं येत. कुंडलिकराव आठवड्याच्या बाजारी मोसंबी घेऊन आले की आधी त्याच्या दुकानी टेकत. रमाकांत पाटीवर लिही, कुंडलिकराव वाचून तोंडानं उत्तर देत.

पहिल्यांदा आला तो पत्र्याचा कर्णा. बारीक टोक कानात घालायचं, रुंद तोंड बोलणाऱ्याकडे करायचं. त्यातून ओरडलं तर शब्द पोचत, पण काटेवाडीची पोरं बघून दात काढीत. मग आला घडीचा कर्णा, काळा, हलका, खिशात मावणारा. पस्तीस साली विजेची पेटी आली. एका पेटीत बॅटऱ्या, दुसरीत आवाज धरायची तबकडी, आणि वायरीनं जोडलेला गोळा कानाशी हातानं धरायचा. भजी तळल्यासारखा चरचराट तिच्यातून सारखा येई आणि त्या चरचराटात कुठंतरी माणसाचा आवाज असे. ती मेजावर ठेवूनच वापरावी लागे. कुंडलिकरावांच्या घरी मेज नव्हतं.

“हे बगा,” ते रमाकांतला सांगत, “पयला कर्णा, मग घडीचा, मग ही पेटी. कंपनीवालं गप बसनारं न्हाईत. हिचं वजन कमी करत्याल. मला घाई न्हाय.”

सदतीस सालच्या पौषात रमाकांतचा निरोप आला. कुंडलिकराव सोनबाला घेऊन बैलगाडीनं बारामतीला गेले. सोनबा त्यांचा जुना गडी, गाडी तोच हाके. रमाकांतनं काही न लिहिता पुठ्ठ्याची पेटी उघडली. खिशातल्या मोठ्या घड्याळाएवढी एक काळी चकती, ती छातीवर अडकवायची. बॅटरी कमरेला. कानात घालायची बोंडी करंगळीच्या पेराएवढी. रमाकांतनं सगळं बसवून दिलं आणि एक छोटी कळ फिरवली.

चरचर होती, पण थोडी. आणि तिच्या मागं टिकटिक टिकटिक, सगळीकडून.

“हितं एवढी घड्याळं वाजत्यात व्हय?” कुंडलिकराव म्हणाले.

“सात वर्षं वाजतायत,” रमाकांत म्हणाला. हे त्यानं लिहिलं नव्हतं, आणि ते ऐकू आलं होतं.

परतीच्या वाटेवर त्यांनी बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकला, कालव्याच्या दाराशी पडणारं पाणी ऐकलं, सोनबा बैलांशी काय काय बोलतो तेही ऐकलं. “घरात सांगू नगंस,” ते सोनबाला म्हणाले. “मीच सांगंन.” फेट्याचा पदर त्यांनी कानावरून घेतला, वायर सदऱ्याच्या आतून नेली, छातीवर उपरणं टाकलं. सरुबाईनं हाक मारावी आणि आपण ओ द्यावी, एवढंच त्यांच्या मनात होतं.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. सरुबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं वर बघितलं, हातानं पाण्याचा तांब्या दाखवला आणि पुन्हा मान खाली घातली. ते खांबाला टेकून बसले. तिचे ओठ हलत होते. ते असे हलताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले होते. नामस्मरण चाललं असेल, असं ते धरून चालले होते.

“चांद्री म्हशीनं सकाळी भरली चरवी लाथाडली,” सरुबाई म्हणत होती. “निम्मं दूध गेलं. माझंच चुकलं, गार हात लावला तिला.”

आवाज त्यांच्या आठवणीतला नव्हता. घोगरा झाला होता, म्हातारा झाला होता. त्यांना इतका आनंद झाला की ते नुसते ऐकत राहिले.

“सिंधुबाई येऊन गेली. नातवाचं बारसं हाय सोमवारी. येते म्हनलं, पर न्हाय जायाची. तितं समद्या माझ्या तोंडाकडं बगत्यात. तुमाला काय, तुमी बागंत जाल.”

म्हणजे ती देवाशी बोलत नव्हती. त्यांच्याशीच बोलत होती. सात वर्षं रोज बोलत आली असेल. कुंडलिकराव ओ देणार होते, पण मनाशी म्हणाले, अजून थोडं ऐकू. आणि थांबले.

“रतनीला जाऊन आकरा वर्सं झाली ह्या पौषात,” ती त्याच आवाजात म्हणाली. “त्या दिशी मी सांजच्या गाडीची वाट बगितली. म्हनलं, सोनबा आपली बैलगाडी घिऊन टेसनावर हुबा हाय, तुमी उतरलासा की तासाभरात येशीला, मग पोरीला दवाखान्यात न्यू. बाकीच्या गाड्या समद्या गुळाला गेल्याल्या. दिस मावळला. तुमी दुसऱ्या सांजंला आलासा, आन् म्हनलासा, पुन्यात गाडी चुकली.”

तिनं एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

“चुकली न्हवती. आपल्या गावचा आबासाहेब हुता तुमच्यासंगं पुन्याच्या शेतीच्या परदर्शनाला. त्येनं घरी त्येच्या आईला सांगितलं, तिनं मला. त्ये पान्याचं इंजान दुसऱ्या दिशी परत चालवून दावनार हुते, म्हनून तुमी ऱ्हायला. बाराव्याच्या दिशीच मला कळलं. तवा तुमच्याकडं बगवत न्हवतं, म्हनून इचारलं न्हाय. चार वर्सं आज इचारीन, उद्या इचारीन करत ऱ्हायले. आन् मग तुमचं कानच गेलं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुधाचं सांगितलं तसंच तिनं हेही सांगितलं. कित्येक वेळा सांगून झालेली गोष्ट असावी.

कुंडलिकरावांचा हात छातीशी गेला आणि उपरणं घसरलं. कानात मोठी खसखस झाली. सरुबाईनं वर बघितलं. तिची नजर काळ्या चकतीवर गेली, तिथून वायरीवर, वायरीवरून फेट्याच्या पदराकडे.

“ह्ये काय?” ती म्हणाली, आणि सवयीनं हातानंही विचारलं.

“कानाचं यंत्र. सुदारून आलंय.”

“ऐकू येतंय?”

“व्हय.”

“कवापासनं?”

“आजपासनं. दुपारपासनं.”

ती सुपाकडे बघत राहिली. “समदं?”

“समदं,” ते म्हणाले. “सरू, मी तवा...”

“भाकऱ्या टाकायच्यात,” ती म्हणाली आणि सूप तसंच सोडून आत गेली.

त्या दिवसापासून सरुबाईचे ओठ मिटले. बोलणं म्हणावं तर होतं. जेवा, पाणी आलं, व्यापारी आलाय. खुणांची जागा शब्दांनी घेतली, एवढाच काय तो फरक. कुंडलिकरावांना आता बागेतले राघू ऐकू येत, मोटेची कुरकुर ऐकू येई, लांबून जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी ऐकू येई. पारावर गेले तर लोकांनी यंत्र बघायला गर्दी केली, छातीशी तोंड आणून एकेकानं आपलं नाव सांगितलं. चार दिवसांनी तेही सरलं. घरी आलं की चुलीचा जाळ आणि भाकरी थापल्याचा आवाज. एकदा त्यांनी यंत्र काढून तिच्यासमोर ओट्यावर ठेवलं आणि मुद्दाम खांबाला टेकून डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं डोळे उघडले तर ती यंत्राकडे बघत बसली होती, ओठ मिटलेले. ते बंद आहे की चालू, हे तिला कसं कळणार?

आबासाहेबाशी भांडावं, असंही एकदा त्यांच्या मनात आलं. पण तो खरं तेच बोलला होता.

पुढच्या वर्षी श्रावणात ते बॅटऱ्या आणायला रमाकांतच्या दुकानी गेले. रमाकांत खुशीत होता. त्यानं विलायतेचं नवं पुस्तक पुढे सरकवलं.

“आता रेडिओत असतात तसल्या काचेच्या दिव्यांचं यंत्र निघालंय, कुंडलिकराव. चरचर नाही म्हणतात. पलीकडच्या खोलीतलं बोलणंसुद्धा स्वच्छ ऐकू येतं. मुंबईत आलं की पहिलं तुमच्यासाठी मागवतो.”

कुंडलिकरावांनी चित्र नीट बघितलं. बॅटरीची पेटी मोठी होती; दोन वर्षांत ती लहान करतील, हेही त्यांच्या डोळ्यांना आपोआप दिसलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

“नगं.”

“का हो? तुम्ही तर पुस्तक यायच्या आधी विचारता.”

“हाय त्यात भागतंय,” ते म्हणाले आणि बॅटऱ्या उपरण्यात बांधून उठले.

घरी आले तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं. गोठ्यातून आवाज येत होता. सरुबाई चांद्रीपाशी बसून बोलत होती, थांबून, सावकाश, मधेच हसल्यासारखं करून. शब्द कळत नव्हते. यंत्राची मजल तेवढी नव्हती. ते अंगणात उभे राहिले. दोन पावलं पुढे टाकली असती तर शब्द कळले असते. त्यांनी कळ बंद केली आणि मगच पावलं टाकली.

त्यांना बघताच सरुबाई गप्प झाली. कुंडलिकराव गव्हाणीच्या कडेला बसले. त्यांनी फेटा काढला, कानातली बोंडी काढली, छातीवरची चकती काढली. कमरेची बॅटरी सोडवून तिला वेगळी दाखवली, आणि सगळं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं. मग ते बोलू लागले.

“गाडी चुकली न्हाय,” ते म्हणाले. “मी टेसनावर गेलोच न्हाय.”

त्यांना स्वतःचा आवाज कळत नव्हता. तो फार मोठा झाला असावा, कारण सरुबाईनं तळवा खाली करून हळू म्हणून खुणावलं. त्यांनी आवाज उतरवला. इंजिनाचा रंग हिरवा होता ते सांगितलं. तीन मोटांना ओढता येणार नाही इतकं पाणी ते एका घटकेत फेकत होतं, ते सांगितलं. साहेब म्हणाला, उद्या दहाला परत चालवणार, कोणीही हात लावून बघा. तेव्हा रतन मनात आली होती. आली नव्हती असं नाही. बाळंतपणाला अजून पंधरा दिवस अवकाश आहे, असा हिशेब केला आणि राहिलो. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी इंजिनाचं चाक फिरवलं. आपल्या हातानं फिरवलं. त्या वेळेला इथं काय चाललं होतं ते नंतर किती वेळा मोजून बघितलं. तुला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

बोलून झाल्यावर ते थांबले. चांद्रीनं मान हलवली. तिच्या गळ्यातली घंटा हललेली दिसली.

मग सरुबाई बोलू लागली. पुष्कळ वेळ बोलली. एकदा तिनं बारामतीच्या वाटेकडे हात केला, एकदा पदरानं नाक पुसलं, एकदा थेट त्यांच्याकडे बघून काहीतरी विचारलं असावं, कारण ती थांबून राहिली होती. कुंडलिकरावांचा हात कोनाड्याकडे गेला आणि अर्ध्यावरून मागं आला. ती पुढं बोलत राहिली. ते तिच्या ओठांकडे बघत बसले; त्यांतलं त्यांना एक रतनचं नाव तेवढं ओळखू आलं.

अंधारून यायला लागलं तेव्हा ती थांबली. तिनं चरवी त्यांच्या हातात धरायला दिली आणि म्हशीचे मागचे पाय बांधायला ती दोर घेऊन खाली वाकली.