अळणी सोमवार

गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षी, दिवाळीनंतर, चोपडे गावच्या बायकांनी मातीचं घर बांधायला घेतलं. कारण साधं होतं. आदल्या पावसात नदीचा बांध फुटला, खारं पाणी चुलीपर्यंत आलं, आणि पोरंबाळं घेऊन बसायला उंचावर एक छप्पर नव्हतं. म्हणून टेकडीच्या उतारावर एक मोठी खोली. एरवी बालवाडी, पाणी चढलं की सगळ्या वाड्याचा, म्हणजे वस्तीचा, आसरा.

पुढारी देवकी. पन्नाशीची, आवाज नदीपलीकडे जाईल असा. तिचा नियम एकच. चाखल्याशिवाय माती भिंतीत जाणार नाही. चिमूटभर जिभेवर ठेवायची, खारी लागली तर पाटी परत. खाऱ्या मातीची भिंत हवेतली ओल ओढत बसते आणि भुसभुशीत होते. रंगावर जायची सोय नव्हती. बांध फुटल्यावर पाणी जिथवर चढलं, तिथली मातीसुद्धा लालच दिसायची.

पण देवकीने सोळा सोमवार धरलेले. पावसाआधी छप्पर चढू दे म्हणून. अगदी अळणी. सोमवारी मिठाचा कण तोंडात चालत नाही, मग माती कशी चाखणार? ते काम कमलकडे. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाड्यावर आलेल्या, एकमेकींची बाळंतपणं केलेल्या.

"कमळे, कशी आसा गो?"

"गोड आसा. तुझ्या सासूपेक्षा तरी गोड!"

बायका हसायच्या आणि पाट्या रिकाम्या व्हायच्या.

हातभर उंचीचा एक थर घालायचा, पाच-सहा दिवस वाळवायचा, मग वरचा. नदीकडच्या भिंतीचा तिसरा थर पडला तो सोमवारी. नंतर रोज सकाळी तो जरा ओलसर दिसायचा. नदीची बाजू, दव पडत असेल, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

पाच थर झाले आणि सरकारी बांधकाम खात्याचा ओव्हरसियर बघायला आला. चार भिंती, वीस थर. हा गडी स्कूटर लावून सरळ नदीकडच्या भिंतीपाशी गेला, वाकला आणि तिसऱ्या थरात किल्ली खुपसली. किल्ली अख्खी आत. माती पिठासारखी गळली.

"बाई, हे घर आहे की वारूळ? आता आपलं स्टेट झालं. बंद करा हे. सिमेंटचं होईल इथे."

देवकी पुढे झाली. खाली पडलेली माती चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली. मीठ! त्या दिवशी गुरुवार होता. तिने माती थुंकली आणि सरळ विचारलं, "साहेब, वीस थर आहेत. तुम्हाला हाच कसा सापडला?"

ओव्हरसियर कागदात बघायला लागला. मग क्षणभरच त्याची नजर कमलकडे गेली.

तेवढं पुरलं.

पण देवकीने आधी काम केलं. सगळ्या बायकांसमोर त्याच्याकडून लिहून घेतलं: ही एक भिंत दुसऱ्या थरापर्यंत उतरवून पुन्हा बांधावी, त्यानंतर परत पाहणी. स्कूटर गेल्यावर ती कमलकडे वळली.

"कित्याक केलंस गो असा?"

कमल पदराशी खेळत होती. "सगुण कंत्राटदार म्हणालो, सिमेंटचा काम आयला तर प्रज्योताक सुपरवायझर करतलंय. माझो झील तीन वर्सां घराक बसलो हा."

"माका सांगला असतंस तर?"

"तू काय केला असतंस? मातयेच्या घराक सुपरवायझर लागता?"

कमलचा हा मुलगा देवकीने अंगाखांद्यावर खेळवलेला. प्रज्योत तिच्याच हातात जन्मला होता. तो घरी बसलेला तिलाही दिसत होता. पण तिला लागलं ते वेगळंच.

"खारी माती मंगळवारी आणली असतंस तर माझ्या जिभेक कळला असता," ती म्हणाली. "तू मुद्दाम माझो सोमवार बघलंस, कमळे."

कमल रडली. देवकी रडली नाही. कुदळ उचलून तिने वरचा थर उतरवायला घेतला.

भिंत उतरवण्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी नवी माती आली, आणि तो सोमवार होता. देवकीचा तेरावा. बायका पाट्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. शेवटून दुसरी कमल. तिला ये म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, जा म्हणूनही नाही. कोण चाखणार, हे मात्र कुणी विचारेना.

शेवटी कमलच हळू आवाजात म्हणाली, "आज तुझो सोमवार. दी हांगा, मी बघतंय."

देवकीने पहिल्या पाटीत हात घातला आणि चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवली. बारा सोमवार पाळलेलं व्रत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडलं. दुसरी पाटी, तिसरी, पाचवी. एक खारट लागली, ती परत पाठवली.

कमलची पाटी आली. देवकीने इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ माती जिभेवर घोळवली. गोड होती. टेकडीच्या माथ्यावरची असावी, इतक्या लांबून ही एकटी डोक्यावर घेऊन आली होती.

"ओत," देवकी म्हणाली, आणि पुढच्या पाटीत हात घातला.