खारूताईचा मॅग्नेट

मित्रांनो, मी तुमच्या करंगळीच्या पेरापेक्षाही लहान आहे, पण माझ्यामुळे एका गुणी मुलीची तीन वर्षं पाण्यात गेली. तेव्हा आधी ओळख, मग कबुली. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक जुना मॅग्नेट. मला काचेच्या चंबूत टाकतात, चंबू यंत्रावर ठेवतात आणि बटण फिरवलं की मी आत गरागरा फिरून द्रावण ढवळतो. पोटात चुंबक आणि अंगावर टेफ्लॉनचा पांढरा अंगरखा, नॉनस्टिक भांड्याला असतो तोच. त्याला काही चिकटत नाही असं सगळे म्हणतात. मीही त्याच तोऱ्यात होतो.

पन्नास भावंडांसोबत एका पिशवीतून मी इथे आलो. पहिली चार वर्षं एका धांदरट संशोधकाने मला राबवलं. पॅलेडियम नावाचा धातू घालून तो रेणूला रेणू जोडायचा. त्या धातूची काळी पूड माझ्याभोवती घोंघावत असे. त्याने मला दोनदा काचेवर आपटलं, अंगरख्याला ओरखडे पडले आणि त्यांत एक काळी रेघ बसली. पुढे तो पदवी घेऊन गेला आणि मी खणाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलो. कोणी ढुंकून बघेना.

मग ती आली, पीएच.डी.ला नुकतीच लागलेली. चांगला मॅग्नेट दिसला की लपवायचा, ही प्रयोगशाळेची रीतच. पण हिने तर खणाला कुलूप लावलं होतं, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. तिचं काम अवघड होतं. तेच रेणू जोडायचे, पण पॅलेडियम किंवा दुसरा कुठलाही धातू न घालता. आठ महिने काही म्हणजे काही जमलं नाही. एके दिवशी तिचा मॅग्नेट कचऱ्यात गेला, म्हणून तिने मला उचललं, साबणाने घासलं आणि चंबूत सोडलं.

आणि जोड लागला! ती जागच्या जागी नाचली. "तू माझा लकी आहेस रे बाबा," ती मला म्हणाली. तेव्हापासून दुसऱ्या मॅग्नेटला तिने हात लावला असेल तर शपथ. एकतीस वेळा प्रयोग केला, एकतीस वेळा जमला. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी पाठ थोपटली, शोधनिबंध पाठवला. मी खणात फुगून बसलो होतो. खोटं कशाला बोलू, मला फार आवडत होतं ते.

पण मग दुसऱ्या प्रयोगशाळेतून पत्र आलं. "आम्ही सहा वेळा केलं, आमच्याकडे काहीच होत नाही." निबंध अडकला, आणि निबंधावर तिची पदवी. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पत्र लिहिणारे सर स्वतः बघायला आले. बारीक चष्म्यातून त्यांनी सगळं न्याहाळलं आणि म्हणाले, "एकाच वेळी दोन चंबू लावा. दोन्ही सारखे."

मित्रांनो, दोन चंबू म्हणजे दोन मॅग्नेट, आणि मी तर एकटा. तिने दुसऱ्यात पिशवीतला कोरा मॅग्नेट टाकला. तिच्या मनात काहीसुद्धा आलं नाही. ती सकाळपासून दोन्ही चंबूंच्या तापमानावर डोळ्यांत तेल घालून बसली होती. दुपारी तिने दोन्हींतला एकेक थेंब पट्टीवर ठेवला आणि पट्टी निळ्या दिव्याखाली धरली; जोड लागला असेल, तरच तिथे ठिपका चमकतो. माझ्या चंबूचा ठिपका लख्ख चमकला. दुसऱ्याच्या जागी नुसता अंधार.

मॅडम आत आल्या. "झालं?"

"एकात झालं."

"मग दुसऱ्यात हवा शिरली असेल. होतं असं. एक पट्टी घेऊन ये, सर पाच वाजता निघतायत."

बास! सुटलो की आम्ही! एक पट्टी नेऊन दाखवायची, सर समाधानाने जाणार, निबंध छापणार. पण ती जागची हलेना. रसायनं तीच, द्रावण तेच, उष्णता तीच. मग वेगळं काय? तिने चुंबकाच्या सळईने मला बाहेर ओढलं, धुतलं आणि उजेडात धरलं. काळ्या रेघेवर नखाने घासलं. रेघ जाईना.

मग तिने मला दुसऱ्या चंबूत टाकलं, त्या न जमलेल्या.

मला थांबायचं होतं, देवाशपथ! पण यंत्र फिरवतं तोवर मी फिरणारच. साडेचारला तिने पट्टी दिव्याखाली धरली. ठिपका चमकला होता. म्हणजे जोड लावत होतो तो मीच.

पाचला दहा कमी असताना तिने मला तळहातावर घेतलं आणि मॅडमच्या खोलीत गेली. सर बॅग बंद करत होते. "सर, आम्ही धातू वापरत नाही असं लिहिलंय. तो इथे आहे. याच्या अंगावर."

मॅडमनी हळूच विचारलं, "कधी कळलं?"

"आत्ता, मॅडम."

"तीन वर्षं, अगं."

"हो," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

संध्याकाळी तिने वडिलांना फोन केला. ते वेल्डर आहेत. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "जोड कच्चा निघाला होय? मग घासून पुन्हा मारायचा. वरून रंग फासून खपवला असतास ना, तर तुझं तोंड बघितलं नसतं मी. जेवलीस का?"

निबंध मागे घेतला. मला पात्याने चिरून, आम्लात उकळून धातू मोजला. निघाला. अर्धा मी अजून एका बाटलीत आहे, नव्या मुलांना दाखवायला. मित्रांनो, आम्हा वस्तूंना नीट धुवा, आपटू नका, आम्ही आधी काय काय केलंय ते विचारा. आणि ज्या वस्तूला तुम्ही लकी म्हणता, ती एकदा बाजूला ठेवून बघा. मला कोणी तसं ठेवलं असतं, तर तिची तीन वर्षं वाचली असती. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तिची पदवी अजून झालेली नाही. आता ती दर वेळी नवा मॅग्नेट काढते. परवा कितीतरी महिन्यांनी तिच्या पट्टीवर पुन्हा ठिपका चमकला. बाजूची पोरं टाळ्या वाजवायला लागली. ती नाचली नाही. तिने पिशवीतून आणखी एक कोरा मॅग्नेट काढला, शेजारच्या मुलाच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आता तू करून बघ. मी बाहेर थांबते."