नोरीन एकटी आली

दर हिवाळ्यात मर्व्ह आणि नोरीन हे म्हातारं जोडपं कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं फिरतं घर, घेऊन आमच्या गावात मुक्कामाला यायचं. यंदा नोरीन एकटीच गाडी चालवत आली आणि माझ्या कॅरॅव्हॅन-तळाच्या फाटकातच थांबली.

"मर्व्ह कुठंय? झोपलाय वाटतं आळशी!" मी हसत विचारलं.

"वाटेतच गेला गं, ग्लेनिस. हार्ट अटॅक. तिथंच पुरलं त्याला. घरी निघालेय, रात्रीपुरती इथं थांबते, पण मला ही कॅरॅव्हॅन मागं घेऊन लावता येत नाही. ते काम त्याचंच होतं."

किल्ली घेऊन मी स्टिअरिंगवर बसले. मर्व्हला वाट दाखवायला उभी राहायची तशी नोरीन सवयीनं मागं जाऊन उभी राहिली. मी गाडी मागं घेऊ लागले, तशी ती ओरडली, "हळू, मर्व्ह! झाड आहे!"

मग ती लाल मातीत मटकन बसली. मी कॅरॅव्हॅन तशीच तिरकी सोडून तिच्याजवळ धावले.