मथुरा बिडगर, नॉर्वेच्या घाटात

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत आमच्या वाळूजच्या कंपनीनं नॉर्वेहून पत्रा दाबायचं एक मोठं प्रेस मागवलं होतं. जहाजावर चढवण्याआधी ते तपासायला दोघांना पाठवायचं ठरलं. एक मी, साहेबराव खरात, शॉपमधला फोरमन. दुसरी क्वालिटीतली मथुरा बिडगर. तिथला कारखाना डोंगरापलीकडं, आडवळणाला. भाड्यानं गाडी घेतल्याशिवाय पोचायचा मार्ग नव्हता, आणि मला सायकलीपलीकडं काही चालवता येत नव्हतं.

"मग त्या बर्फात गाडी कोण चालवणार?" आमचे मॅनेजर तात्यासाहेब म्हणाले.

"मी," मथुरा म्हणाली.

तात्यासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, कडूबा ड्रायव्हरची पोरगी आहे ती. दौलताबादेत कुणालाही विचारा."

कडूबा बिडगर म्हणजे मेंढरं राखणाऱ्या घरातला स्टिअरिंग धरणारा पहिला माणूस. किल्ला पाहायला आलेल्यांना जीपमध्ये घालून खुलताबाद, वेरूळ दाखवून आणायचा. मथुरा डिप्लोमाला गेली तेव्हाच त्यानं तिला घाटात गाडी शिकवली. लोक हसायचे. "पोरीला ड्रायव्हर करतो का रं कडूबा?" तो म्हणायचा, "काय व्हायचं ते ती ठरवील. गाडी आली पाहिजे."

नॉर्वेत विमानतळावर गाडी मिळाली. स्टिअरिंग डावीकडं, चालायचं रस्त्याच्या उजवीकडून. बर्फावर पकड राहावी म्हणून टायरांना बारीक लोखंडी खिळे ठोकलेले होते. मथुरानं वाकून त्यांवरून हात फिरवला. मग लगेच निघायचं सोडून तिनं रिकाम्या मैदानात गाडी फिरवली, बर्फावर मुद्दाम ब्रेक मारला, गाडी घसरू दिली, पुन्हा सावरली. काउंटरवरची बाई खिडकीतून बघत होती.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"भाऊ, कशी घसरती ते इथंच कळू द्या. घाटात कळून उपयोग नाय."

आमचं काम नीट झालं. चौदा तारखेला, संक्रांतीच्या दिवशी, परत निघायचं होतं. आदल्या दिवशी कंपनीतून फोन आला होता, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिल्याची घोषणा उद्या होणार म्हणून. मला त्या रात्री झोप लागली नाही. अठ्ठ्याहत्तर साली याच नावावरून गावातलं आमचं घर पेटवलं होतं. माझ्या वडिलांनी, अप्पारावांनी, जळक्या तुळया बाजूला केल्या आणि पुढच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले. मी कामाला लागल्यावर ते बजाजनगरला माझ्याकडं राहायला आले, पण नामांतराच्या एकाही मोर्चाला चुकले नाहीत. आज त्यांचा आवाज मला ऐकायचा होता, आणि वादळानं कारखान्याच्या गावातले फोन सकाळपासूनच मेले होते. घाटापलीकडच्या शहरात पोचल्याशिवाय काही खरं नव्हतं.

मी घाई करत होतो. मथुरा टपावरचा बर्फ खाली ढकलत होती.

"काच साफ झाली की! चल ना."

"मागचा दिवा झाकलाय. मागून येणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे." तिनं चारी दिवे पुसले, डिझेलची टाकी भरून घेतली, मागच्या सीटवर फावडं, ब्लँकेटं अन् चहाचा थर्मास ठेवला, मग चावी फिरवली.

घाटाच्या तोंडाशी आडवा दांडा पडलेला. रस्ता बंद. गाड्यांची रांग लागली होती. दांड्यापाशी उभ्या असलेल्या रस्त्याच्या कामगारानं सांगितलं की वर वारा लई आहे. कमी झाला तर बर्फ काढणारी गाडी पुढं घालून सगळ्यांना तिच्यामागून नेऊ, नाही तर आज नाही.

मथुरा माझ्याकडं वळली. "भाऊ, तुम्हाला फोन करायचाय, माहितीये मला. पण रस्ता उघडला नाय तर आपण इथंच थांबायचं. मी आडवाटेनं नेणार नाय."

तिचा चेहरा पाहून माझी घाई उतरली. म्हणालो, "सोळा वर्षं थांबलोय, मथुरा. आजचा दिवस गेला तरी चालंल."

तिनं थर्मासमधला चहा ओतला. पिशवीतून तिच्या आईनं, बानाबाईंनी, बांधून दिलेले तिळाचे लाडू काढले. आम्ही गाडीत बसून संक्रांत केली.

दुपार कलताना दांडा वर गेला. पिवळा दिवा फिरवत बर्फाची गाडी पुढं, मागं आम्ही सगळे. वर गेलो तसं रस्ता, कडा, आभाळ सगळं एकच पांढरं झालं. पुढच्या गाडीचे दोन लाल ठिपके, एवढंच जग उरलं. उताराला मथुरानं गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली आणि ब्रेकवरचा पाय काढून घेतला.

मग ते लाल ठिपके डावीकडं सरकले आणि नाहीसे झाले.

"गेला!" मी ओरडलो. माझा हात दाराकडं गेला.

"दार उघडू नका!" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. तिनं गिअर उतरवला, गाडी आपसूक मंदावू दिली, अगदी शेवटी ब्रेकवर हलका पाय ठेवला. आम्ही जागच्या जागी थांबलो. तिनं धोक्याचे दिवे लावले, हॉर्न लांब दाबून धरला. मागची गाडी थांबली, तिच्या मागची थांबली. कुणी कुणावर आदळलं नाही. पुढचा माणूस कडेच्या बर्फात रुतला होता. कड्याच्या बाजूला नव्हता, नशीब. बर्फाची गाडी परत आली, त्याला ओढून काढलं. तिचा ड्रायव्हर आमच्या खिडकीशी आला, आत वाकून पाहिलं, मथुराला अंगठा दाखवला आणि आमच्या गाडीला स्वतःच्या मागं पहिल्या नंबरला लावलं. सगळी रांग मग आमचे दिवे बघत घाट उतरली.

शहरातल्या हॉटेलातून फोन लागला तेव्हा बजाजनगरात रात्रीची जेवणं आटोपली होती. वडील शेजाऱ्याच्या फोनपाशीच बसून होते.

"झालं रं साहेबा," ते म्हणाले. "बाबासाहेबांचं नाव लागलं."

मग त्यांनी विचारलं, "बर्फातून नीट आलास का? आणलं कुणी?"

"कडूबा ड्रायव्हरच्या मथुरानं."

"दे तिला."

मथुरानं दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. मला वडिलांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "पोरी, तू आलीस की मला विद्यापीठाच्या गेटावर जायचंय. गाडी तूच चालवायची."

"व्हय बाबा," ती म्हणाली. घाटात कोरडे राहिलेले तिचे डोळे तेव्हा भरले.

आम्ही परत आल्यावर पहिल्याच रविवारी कडूबाची जीप बजाजनगरात आली. वडील पांढरं धोतर नेसून पुढं बसले. मथुरानं जीप औरंगपुऱ्याच्या गर्दीतून काढली, गेटासमोर उभी केली आणि उतरून वडिलांचं दार उघडलं. ते कमानीकडं बघत उभे राहिले. कडूबा स्वतःच्याच जीपमध्ये पहिल्यांदा मागं बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो सांगत होता, "ही माझी लेक. नॉर्वेच्या बर्फातनं गाडी आणलीय तिनं."